शेवाळ : शत्रु कीं सेवक ?

मनुष्यास आपल्या घरीं एखादा जिवंत प्राणी असावा असें वाटतें, ही हौस फार जुनी आहे. ज्यांचा वाडा होता त्यांच्या गोठ्यांत गाय असे. ज्यांना नुसतें अंगणच होतें त्यांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. आणि विहिरींत सोडलेलें कासव हा तर आळींतल्या सगळ्या मुलांच्या कौतुकाचा विषय असे. आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली येथें राहणाऱ्या कुटुंबाच्या वांट्यास गोठा नाहीं, अंगण नाहीं आणि विहीरहि नाहीं. सातव्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांनीं राहावयाचें. अशा ठिकाणीं मुलांच्या हट्टापुढें वडीलधारीं माणसें नमतात, तीं बहुधा कांचेच्या मत्स्यपेटीपाशीं. मासा भुंकत नाहीं, केंस गाळीत नाहीं, शेजाऱ्यांशीं वांकडें आणीत नाहीं. आणि संध्याकाळीं पेटींतला दिवा लावून समोर घटकाभर बसलें तर शिणलेल्या डोळ्यांस विसांवा मिळतो.

गोड्या पाण्याच्या पेट्या आपल्याकडे पुष्कळ दिवसांपासून आहेत. अलीकडे मात्र साध्या मध्यमस्थितींतल्या घरांतूनहि खाऱ्या पाण्याची पेटी दिसूं लागली आहे. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनीं समुद्रांतले रंगीत मासे प्रथम तेथेंच डोळे भरून पाहिले. तसलें कांहींतरी आपल्या दिवाणखान्यांत असावें ही इच्छा स्वाभाविकच होय. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. गोड्या पाण्यांतले शोभेचे मासे बहुतेक तळ्यां-हौदांत पैदा केलेले असतात; समुद्रांतल्या बहुसंख्य जाती अजूनहि प्रवाळांच्या खडकांतून पकडूनच आणाव्या लागतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा हा त्यांतला सन्मान्य अपवाद. त्याची पैदास माणसाच्या देखरेखीखालीं होऊं शकते, आणि मुलुंडहून पूल ओलांडला कीं लागणाऱ्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांतहि हें काम हातीं घेण्यांत आलें आहे. हा मासा चांगल्या पाण्यांत दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. म्हणजे नातू तिसरींत असतां आणलेला मासा तो कॉलेजांत जाईपर्यंत घरांत राहावयास हवा. प्रत्यक्षांत कित्येक घरीं तो एक पावसाळाहि काढीत नाहीं, आणि त्याचें कारण रोगापेक्षां पाणीच अधिक वेळां असतें.

हें पाणी बिघडतें कां, आणि तें ताळ्यावर ठेवण्याचा एक स्वस्त व घरच्या घरीं करतां येण्याजोगा उपाय कोणता, एवढाच या लेखाचा विषय आहे. हौशी मंडळी त्या उपायास अल्गी स्क्रबर म्हणतात. आपण त्यास शेवाळाची गाळणी म्हणूं.

घाण जाते कोठें ?

माशाच्या पोटांत गेलेल्या अन्नांतला नत्र त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो. अमोनिया माशास विषासारखा. पेटींतल्या दगडांवर व वाळूंत राहणारे सूक्ष्म जीवाणु त्याचें नायट्राइट बनवितात, आणि दुसऱ्या जातीचे जीवाणु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेट पहिल्या दोहोंपेक्षां पुष्कळच सौम्य असतें. दुकानदार पेटी ‘जमली’ असें म्हणतो तें काम येथपर्यंत झालें म्हणजे. परंतु पुढें गाडें अडतें. हें नायट्रेट, आणि अन्नाबरोबरच येणारें फॉस्फेट, हीं दोन्ही पाण्यांत दिवसेंदिवस सांचत जातात. पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसत असलें तरी त्यांत हा सांठा वाढतच असतो, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं. जमाखर्चाच्या भाषेंत बोलावयाचें तर जमेच्या बाजूस रोज रक्कम पडते आहे आणि खर्चाचें पान कोरें आहे.

ज्यास आपण घाण म्हणतों तें शेवाळाचें अन्न होय. म्हणून महिन्या-दोन महिन्यांत कांच हिरवी होते, दगडांवर केंसाळ गालिचा पसरतो, आणि घरांतलीं माणसें कंटाळतात. मग कोणीतरी कांच घांसतो. सुटलेलें शेवाळ पाण्यांतच तरंगतें, तळाशीं बसून कुजतें, आणि त्यांतला नत्र जेथून आला होता तेथें परत जातो. कोणी बाजारांतून शेवाळ मारण्याचें औषध आणून ओततो. शेवाळ मरतें, पण मेलेलें शेवाळहि पेटींतच कुजतें. तेव्हां मूळ भांडवल जागच्या जागींच राहून पंधरा दिवसांनीं कांच पुन्हां हिरवी होते. दोन्ही उपायांत एकच दोष आहे: पेटींतून बाहेर कांहींच गेलें नाहीं.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर आपल्या उपनगरांत पवईचें तळें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेल्या या तळ्याचें पाणी पुढें पिण्याजोगें राहिलें नाहीं. आसपासच्या वस्तीचें सांडपाणी त्यांत उतरत आलें, आणि त्या खतावर जलपर्णीचे मळे माजले. महापालिकेस यंत्रें लावून ती उपसावी लागते. उपसलेली जलपर्णी दूर नेऊन टाकली तर तिच्या देहांत सांठलेला नत्र व स्फुरद तळ्याबाहेर गेला. तीच कांठावर ढीग करून ठेवली तर पहिल्या पावसांत तिचा रस पुन्हां तळ्यांत. वनस्पति वाढली म्हणून पाणी शुद्ध होत नाहीं. वाढलेली वनस्पति पाण्यापासून दूर नेली म्हणजे होतें. शेवाळाच्या गाळणीचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे.

कल्पना कोणाची ?

अमरकोशांत शेवाळास जलनीली, शैवाल, शैवल अशीं नांवें आहेत, आणि आपल्या संस्कृत कवींनीं त्यास कमळाच्या शेजारीं बसवून त्याचा गौरवहि केला आहे. त्यास नेमून दिलेल्या कामावर लावण्याची कल्पना मात्र अगदीं अलीकडची. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेंतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी हे कॅरिबियन समुद्रांतल्या प्रवाळखडकांचा अभ्यास करीत होते. ज्या उथळ खडकांवर लाटा सतत फुटतात व ऊन लख्ख पडतें, तेथें आंखूड गवतासारखें शेवाळ विलक्षण वेगानें वाढतें, आणि मासे तें तितक्याच वेगानें चरतात, असें त्यांस दिसलें. त्यांनीं हा खडक एका पसरट तबकांत उतरविला: तबकांत जाळी, जाळीवर प्रखर दिवा, आणि थोड्या थोड्या वेळानें उलटून लाटेसारखें पाणी ओतणारी बादली. माशांच्या चरण्याऐवजीं ठरल्या दिवशीं माणसानें जाळी खरवडावयाची. १९८० सालीं त्या संस्थेच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांत प्रवाळखडकाची एक जिवंत प्रतिकृति या रीतीवर मांडण्यांत आली, आणि १९८२ सालीं एडी यांस या युक्तीचें पेटंट मिळालें.

पुढें ही युक्ति मोठमोठ्या ठिकाणीं गेली. ऑस्ट्रेलियांत टाउन्सव्हिल येथें १९८७ सालीं उघडलेल्या ग्रेट बॅरिअर रीफ मत्स्यालयांत ती योजण्यांत आली होती. पण एवढ्या प्रचंड पेटीस तिच्यावर विसंबून भागलें नाहीं व पुढें तेथें दुसरीं साधनें आलीं. अमेरिकेंत अॅरिझोनाच्या वाळवंटांत १९९१ च्या सप्टेंबरांत आठ माणसांनीं दोन वर्षांसाठीं स्वतःस एका बंद कांचगृहांत कोंडून घेतलें, त्या बायोस्फिअर टू नामक प्रयोगांतल्या कृत्रिम समुद्रासहि शेवाळाच्या गाळण्याच होत्या, आणि त्या हातानें खरवडणें हें त्या आठ जणांच्या नित्यकर्मांपैकीं एक होतें. इतकें यंत्रसामर्थ्य पाठीशीं असतांहि हें काम हातावांचून झालें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें; त्याचें प्रयोजन पुढें येणार आहे.

बादली उलटविण्याची खटपट घरगुती पेटीस झेपण्याजोगी नाहीं. तिच्याऐवजीं हौशी लोकांनीं एक सोपी रीत काढली. जाळी उभी टांगावयाची आणि तिच्या दोन्ही अंगांवरून पाण्याचा पातळ पडदा सतत ओघळत ठेवावयाचा. आपल्या घरीं करावयाची ती हीच.

गाळणीची रचना

पेटी किती मोठी यावर गाळणीचें माप ठरत नाहीं. पेटींत रोज अन्न किती पडतें यावर तें ठरतें. पंक्तीस पानें किती हें पाहूनच पातेलें चढवावें, त्यांतलाच हा प्रकार. रोज गोठविलेल्या खाद्याची एक वडी, म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅम, किंवा सुक्या खाद्याच्या दहा चिमटी पडत असतील, तर दोन्ही बाजूंनीं उजेड मिळणारी सुमारें ऐंशी चौरस सेंटिमीटर जाळी पुरते, असा हौशी मंडळींत रूढ असलेला हिशेब आहे. मीटरभर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद व पन्नास सेंटिमीटर उंच अशा दोनशें लिटरांच्या पेटींत विदूषक माशांची एक जोडी व दोन-तीन लहान मासे असले तर एवढें अन्न पुरून उरतें. म्हणून आपण दहा सेंटिमीटर रुंद व आठ सेंटिमीटर उंच अशी जाळी धरूं.

लोकरीच्या भरतकामासाठीं चौकोनी भोंकांची प्लास्टिकची जाळी मिळते, ती घ्यावी. ती गुळगुळीत असते व गुळगुळीत जागेवर शेवाळास पाय रोवतां येत नाहींत. म्हणून करवतीच्या पात्यानें किंवा कानशीनें दोन्ही बाजू खरवडून ती निवडुंगासारखी कांटेरी करावी. या कामांत आळस केला तर शेवाळ धरतें आणि आठवड्याच्या शेवटीं एका रात्रींत सगळें घसरून पेटींत पडतें.

पाऊण इंची पी. व्ही. सी. नळीचा हातभर तुकडा घेऊन एक टोंक बंद करावें. खालच्या अंगास दहा सेंटिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद अशी सरळ चीर पाडून तींत जाळीची वरची कड बसवावी. दुसऱ्या टोंकास पंपाची नळी जोडावी. जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरास ताशीं सुमारें पन्नास लिटर पाणी लागतें. म्हणजे आपल्या जाळीस ताशीं पांचशें लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला आंकडा उंची शून्य धरून लिहिलेला असतो; पाणी वर चढवावयाचें म्हटलें कीं तो उतरतो. तेव्हां ताशीं हजार लिटरांचा पंप घेणें शहाणपणाचें. जाळीचें खालचें टोंक पाण्याच्या पृष्ठभागास किंचित् टेंकलेलें असावें, म्हणजे रात्रभर टपटप आवाज होऊन म्हाताऱ्या माणसांची झोंप मोडत नाहीं.

उजेडासाठीं प्रत्येक बाजूस पांच-सहा वॅटचा तांबडा एलईडी दिवा जाळीपासून चार बोटांवर लावावा. रोपें वाढविण्यासाठीं सहाशें साठ नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या प्रकाशाचे जे दिवे मिळतात ते यास उत्तम. हा उजेड मुख्य पेटींत सांडतां कामा नये, नाहींतर शेवाळ जाळी सोडून तेथेंच वाढेल. सबंध गाळणीस काळ्या अॅक्रिलिकची पेटी करावी. तिनें उजेडहि अडतो आणि खाऱ्या तुषारांनीं भिंतीस मीठ फुटत नाहीं. नळीच्या चिरेवरहि एक काळी पट्टी ठेवावी, म्हणजे शेवाळ चिरेंत शिरून पाणी तुंबवीत नाहीं. गाळणी मुख्य पेटीच्या खालीं ठेवलेल्या दुसऱ्या लहान पेटीवर, किंवा जागा नसेल तर मागच्या कांठावर, अशी बसवावी कीं जें पाणी पडेल तें पुन्हां पेटींतच पडेल.

दिवा केव्हां लावावा याविषयीं एक सूचना. वनस्पति उजेडांत कार्बन डायऑक्साइड घेतात व अंधारांत सोडतात. मुख्य पेटीचा दिवा रात्रीं मालवला कीं हा वायु पाण्यांत वाढून त्याची आम्लता चढते. गाळणीचा दिवा रात्रीं चालूं ठेवला तर एक भाऊ झोंपला असतां दुसरा जागा आहे अशी व्यवस्था होते, आणि पाणी सकाळपर्यंत समतोल राहतें. प्रारंभीं नऊ-दहा तास उजेड द्यावा; शेवाळानें मूळ धरल्यावर अठरा तासांपर्यंत वाढवावा.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यांत जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर येतो. त्यानें निराश होऊं नये. पेरणीपूर्वीं जमीन ओली होते, तसेंच हें. थर हलक्या हातानें पुसून जाळी परत लावावी. दोन-तीन आठवड्यांत हिरव्या केंसांचे पुंजके दिसूं लागतात, आणि महिना-दीड महिन्यांत जाळी हिरवीगार होते. हें होईपर्यंत नवे मासे आणूं नयेत, आणि जुनें कोणतेंहि गाळण्याचें साधन घाईनें काढून टाकूं नये.

शेवाळाचा रंग पाहून पेटीची प्रकृति ओळखतां येते. गडद, काळसर, डांबरासारखा चिकट थर आला तर अन्न फार व उजेड कमी असें समजावें. तेव्हां खरवडणें अधिक वेळां करावें व उजेड वाढवावा. पिवळट, रबरासारखा थर आला तर बहुधा उजेड फार व अन्न थोडें. तेव्हां दिव्याचे तास कमी करावे. तजेलदार हिरवें, हातास मऊ व केंसाळ शेवाळ हें आरोग्याचें लक्षण. यासोबत नायट्रेट व फॉस्फेट मोजण्याचीं रसायनें दुकानांत मिळतात, त्यांनीं आठवड्यांतून एकदां पाणी तपासावें. केवळ मासेच असतील तर नायट्रेट लिटरास वीस मिलिग्रॅमच्या आंत ठेवावें.

खरवडावयाचें कोणीं ?

आतां मुख्य गोष्ट. वर वर्णिलेल्या साहित्यास फारसा खर्च नाहीं, आणि ज्यास नळाची चकती बदलतां येते त्यास गाळणीहि जुळवितां येईल. तरीहि कित्येक घरांतल्या गाळण्या सहा महिन्यांत अडगळींत जातात. त्याचें कारण यंत्रांत सांपडणार नाहीं. तें घराच्या व्यवस्थेंत सांपडेल.

जाळी दर सात दिवसांनीं काढून खरवडावी लागते. ती वेळेवर खरवडली नाहीं तर वरच्या दाट थराखालीं आंतल्या थरास उजेड मिळत नाहीं, तो मरतो, सुटतो, आणि आठवडाभर गोळा केलेलें सारें पेटींत परत करितो. म्हणजे गाळणी नव्हती तें बरें असें म्हणावयाची पाळी. एकत्र कुटुंबांत अशा कामाची काय गत होते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. जें सगळ्यांचें तें कोणाचेंच नाहीं. मुलांना वाटतें, आई करील. आईस वाटतें, हौस ज्यांची त्यांनीं करावें. वडील कचेरींतून रात्रीं आठास येतात. आणि आजोबांना कोणी सांगितलेलेंच नसतें. इकडे मासा मुकाट्यानें मरतो, कारण त्यास हांक मारतां येत नाहीं.

म्हणून पेटी विकत घेण्यापूर्वींच खरवडण्याचा वार, वेळ आणि माणूस ठरवावा, आणि तो माणूस गांवास गेला तर दुसरा कोण हेंहि ठरवावें. आमच्या घरीं हें काम रविवारीं सकाळीं, स्नानापूर्वीं, नातू करितो, आणि तो नसला म्हणजे मी. मोरीवर जाळी धरावी, जुन्या प्लास्टिकच्या पट्टीनें दोन्ही बाजू खरवडाव्या, तळाशीं पातळ हिरवी साय राहूं द्यावी, आणि नळाच्या गोड्या पाण्यानें जाळी धुऊन परत लावावी. गोड्या पाण्यानें शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात. शेवाळास तेवढ्यानें बाध येत नाहीं. सगळें मिळून दहा मिनिटांचें काम.

एकदां नातवानें मला विचारलें, “आजोबा, आपण शेवाळ वाढवितों आणि दर आठवड्यास तेंच फेंकून देतों. मग वाढवितों तरी कशाला ?” मी त्यास उत्तर दिलें, “तुझ्या हातांत जो गोळा आहे ना, तें गेल्या आठवड्यांत माशांना घातलेलें अन्नच आहे. तें आतां पाण्यांत नाहीं, तुझ्या हातांत आहे.” त्यानें गोळा पुन्हां एकदां निरखून पाहिला, आणि त्या दिवसापासून माशांना ठरल्याहून अधिक खाद्य टाकणें त्यानें आपण होऊनच बंद केलें. शाळेंत नत्रचक्राचें चित्र फळ्यावर काढून मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. पण तें इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणास कळलें असेल.

खरवडलेलें शेवाळ खारट असतें. तें तुळशीच्या कुंडींत किंवा गॅलरींतल्या झाडांस घालूं नये. मिठानें झाड जळेल. पुष्कळ पाण्यांत धुऊन ओल्या कचऱ्यांत टाकावें.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी

पाणी. जुहू-वेसाव्याचा समुद्र जवळ आहे म्हणून बादली भरून आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. शहराचें सांडपाणी त्यांत मिसळतें, आणि पावसाळ्यांत किनाऱ्याच्या पाण्याचा खारटपणाहि उतरतो. आर. ओ. यंत्रांतल्या पाण्यांत मत्स्यपेटीसाठीं मिळणारें सागरी मीठ कालवावें. लिटरास पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोनशें लिटरांस सात किलो. नळाच्या पाण्यांतला क्लोरीन माशांस घातक असतो, म्हणून तें तसेंच वापरूं नये. पेटींतलें पाणी कमी झालें तर गोडें पाणी घालावें, खारें नव्हे. कारण उडून जातें तें पाणी, मीठ नव्हे. गाळणीच्या ओघळीमुळें हें उडणें थोडें वाढतें. गाळणी आहे म्हणून पाणी बदलणें अजिबात सोडूं नये. त्याचा वेळ लांबवितां येतो इतकेंच. पाण्यास पिवळट झांक येऊं लागली तर विरजणाच्या वाटीएवढा सक्रिय कोळसा जाळीच्या पिशवींत घालून ठेवावा.

वीज. खारें पाणी आणि वीज यांची मैत्री नाहीं. दिव्याची व पंपाची तार भिंतींतल्या जोडाकडे जाण्यापूर्वीं खालीं झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोक्यापाशीं गळून पडतो. ज्या जोडावर हीं साधनें चालतात त्यावर तीस मिलिअँपियरची आर. सी. सी. बी. वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावी. हात पाण्यांत घालण्यापूर्वीं बटण बंद करण्याची संवय मुलांस पहिल्या दिवसापासून लावावी.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्यें उपनगरांतल्या बंद घरांत पेटीचें पाणी तीस अंशांच्या वर सहज जातें. खाऱ्या पाण्याच्या माशांस पंचवीस ते सत्तावीस अंश मानवतें. पाण्यावर वारा जाईल असा लहान पंखा ठेवला तर दोन-तीन अंश उतरतात.

औषध. मासा आजारी पडला तर तांबें असलेलें औषध मुख्य पेटींत कधींहि घालूं नये. तांबें शेवाळास व शंख-कोळंब्यांस मारक आहे. आजारी मासा वेगळ्या पेटींत ठेवून उपचार करावा.

स्वयंपाकघर. हा प्रश्न नाजूक, पण टाळण्याजोगा नाहीं. माशांचें गोठविलेलें खाद्य म्हणजे बारीक कोळंबी असते, आणि ज्या घरांत मत्स्याहार नाहीं त्या घरच्या शीतपेटींत ती ठेवणें घरांतल्या वडील स्त्रियांस रुचणार नाहीं. सुकें दाणेदार खाद्य घालून पुष्कळ जातींचा निर्वाह चांगला होतो, तेंच घ्यावें. पण तेंहि मासळीच्याच पिठाचें असतें. मासा आपल्या धर्माप्रमाणें वागत नाहीं. त्याचें पोषण ज्यांच्या मनास पटत नाहीं त्यांच्यावर तें लादूं नये; पेटी दारांत आल्यावर वाद घालण्यापेक्षां ती येण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांची संमति घेणें बरें.

कायदा. वन्यप्राणी संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यान्वयें कठीण कवचाचे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांस २००१ सालापासून वाघाच्या तोडीचें संरक्षण आहे. मालवणच्या सहलींत किंवा मुंबईच्याच किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं दिसलेला प्रवाळाचा तुकडा पिशवींत घालून आणणें हा गुन्हा होय. पेटींत भाजलेले कृत्रिम दगड ठेवावे. जीवाणु त्यांवरहि नांदतात. आणि हौस संपली म्हणून मासे खाडींत, समुद्रांत किंवा पवईच्या तळ्यांत सोडूं नयेत. ज्यांना या विषयाची खरी गोडी लागेल त्या मुलांनीं एवढें जाणून ठेवावें कीं अंधेरीजवळ वेसाव्यास केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ सालापासून आहे, आणि मत्स्यशास्त्राचें उच्च शिक्षण तेथें मिळतें. म्हणजे या हौसेस विद्येची वाट आपल्याच उपनगरांतून फुटते.

पेटी केव्हां आणावी ?

पुष्कळांची रीत अशी असते कीं पेटी आज, मासे उद्यां, आणि पाण्याचा विचार पाणी बिघडल्यावर. हा क्रम उलटा करावा. आधीं पेटी भरून तींत नुसतें खारें पाणी व दगड ठेवावे. जीवाणूंस काम मिळावें म्हणून चिमूटभर खाद्य माशांवांचूनच टाकीत जावें. गाळणी पहिल्या दिवसापासून चालूं करावी. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आलीं, आणि जाळी हिरवी झाली, म्हणजे पहिली जोडी आणावी. तीहि पैदास केलेल्या विदूषक माशांची. तोंपर्यंत दोन महिने मुलें रिकामी पेटी पाहून कुरकुर करतील. करूं द्यावी. जाळी खरवडण्याचा वार त्याच दोन महिन्यांत अंगवळणीं पडतो, आणि ज्या घरांत तो या काळांत दोनदां चुकला त्या घरानें मासे आणण्याचा बेत पुढें ढकलावा हें उत्तम.

पेटीशेजारीं भिंतीवर एक वही टांगावी. तींत रविवारची तारीख, खरवडणाऱ्याचें नांव, नायट्रेटचा आंकडा आणि खरवडलेल्या शेवाळाचें वजन, एवढ्या चार गोष्टी लिहाव्या. वजनासाठीं स्वयंपाकघरांतला काटा मात्र मागूं नये, दुसरा आणावा. चार-सहा महिन्यांनीं ती वही मुलांसमोर उघडून सगळ्या वजनांची बेरीज त्यांच्याकडून करवून घ्यावी. कांचेच्या आंत जें सांचून माशांच्या जिवावर उठलें असतें, तें किती किलो आपल्या हातांनीं बाहेर काढलें याचा आंकडा त्यांना त्या बेरजेंत दिसेल.